हिरव्या केसांची हडळ

पोरीच्या तोंडातून केसांचा पहिला पुंजका निघाला आणि स्वानंद सोसायटीच्या हॉलमध्ये बसलेली शंभर-सव्वाशे माणसं एका सुरात ‘अरे देवा’ म्हणाली. दुसरा निघाला तेव्हा बायका डोळे पुसायला लागल्या. तिसरा लांबलचक होता. मार्तंडगुरुजींनी तो चिमटीत धरून सावकाश बाहेर ओढला, ट्यूबलाइटखाली उंच धरला आणि त्यावरून लाळ ठिबकत असतानाच विचारलं, “रंग बघा, माऊली. काळा आहे का हा?”

काळा नव्हता. हिरवट होता.

“माणसाचे केस हिरवे असतात का?”

“नाही!” अख्खा हॉल म्हणाला.

“मग हे कोणाचे? ही जलबाधा. खाडीकाठची हडळ. पोटात बसून स्वतःचे केस वाढवते आणि पोरीच्या हातून पोरीचे उपटून घेते. इकडे पेरणी, तिकडे कापणी!” गुरुजी हसले, तसे लोकही भीतभीत हसले. “मुलगी वर्षभरात कधी पाण्याजवळ गेली होती?”

पोरीची आई सुनंदाताई हात जोडून उभी होती. तिने आठवून सांगितलं, “शाळेची सहल गेली होती. ऐरोलीला. बोटीतून फ्लेमिंगो बघायला.”

“बघा!” गुरुजींनी दोन्ही हात पसरले. टाळ्या पडल्या.

मुंबईत राहून वर्षभरात पाण्याजवळ न गेलेला एक माणूस मला कोणीतरी दाखवा. पण त्या रविवारी सकाळी अकरा वाजता, मुलुंड पूर्वेच्या त्या हॉलमध्ये, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. तिथे इंजिनियर होते, बँकवाले होते. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक गृहस्थ तर पुढे बसून मोबाइलवर शूटिंग करत होते.

आणि गंधाली पाटावर बसली होती. चौदा वर्षांची. टाळूवर तळहाताएवढं टक्कल, त्यावर थापलेला राखेचा ओला लेप, तो ओघळून कानापर्यंत आलेला. ओठांना केसांचे तुकडे चिकटलेले. तिला ओकारी येत होती आणि ती दाबत होती, हे मला मागच्या भिंतीपासून दिसत होतं. दाराशी तिची निळी बॅग भरून ठेवली होती. आजची बैठक झाली की गुरुजी तिला बदलापूरच्या पुढच्या आपल्या आश्रमात नेणार होते, चाळीस दिवस. आईने सोबत यायचं नाही, फोन करायचा नाही, शाळेला अर्ज द्यायचा. वडील मस्कतला नोकरीला, त्यांनी फोनवरून होकार कळवला होता. गाडी खाली उभी होती.

मला किळस आली. केसांची नाही. केसांची मला कसली किळस येणार, माझा जन्म त्यातच चाललाय. मला त्या टाळ्यांची किळस आली.

मी लता खरात. मिठागर रोडला माझं पार्लर आहे, एकोणीस वर्षं झाली. शिक्षण दहावी आणि वर एक कोर्स, त्यामुळे जगातल्या फार गोष्टी मला कळत नाहीत. पण केस कळतात. गंधाली पाच वर्षांची असल्यापासून माझ्याकडे केस कापायला येते, दाट, कुरळे, कंगवा अडकेल असे. दीड वर्षापूर्वी तिच्या टाळूवर मला एक विरळ जागा दिसली. चाई पडली की जागा गुळगुळीत होते. इथे खुंट होते, कुठे अर्धा इंच, कुठे पाव, कुठे नुकतं डोकं वर काढलेले. मी समजले. माझ्याकडे अशा दोघीतिघी आधी येऊन गेल्या होत्या, एक तर चाळिशीची वकीलबाई होती. मी सुनंदाताईला बाजूला घेऊन सांगितलं, “हे तेल लावून जाणार नाही. पोर स्वतः उपटतेय. ओरडू नका. डॉक्टरकडे न्या.”

नेलं तिने. कातडीच्या डॉक्टरांनी तपासून मानसोपचाराच्या डॉक्टर इरावतींकडे पाठवलं. इरावतीबाईंनी सांगितलं, हा आजार आहे, ठरवून करायचा चाळा नव्हे. नखं कुरतडतात, पुळ्या खरवडतात, त्याच जातीचा. हात कधी जातो ते मुलीला कळतही नाही. आधी ते कळायला शिकायचं, मग त्या क्षणी हाताला दुसरं काम द्यायचं. वेळ लागेल, पण उपाय आहे. दोन वेळा गेल्या मायलेकी. तिसऱ्या वेळी सुनंदाताईला दवाखान्याच्या जिन्यात ओळखीचं कोणीतरी भेटलं आणि जाणं बंद झालं. पोरीला मनाच्या डॉक्टरकडे नेतो म्हणायची लाज वाटते. तिच्या पोटात हडळ आहे म्हणायला सव्वाशे माणसं बोलावता येतात, हॉल बुक करता येतो, मंडपवाल्याच्या खुर्च्याही मागवता येतात.

तर मी मागे उभी होते आणि त्या हिरव्या केसांकडे बघत होते.

ते केस मी ओळखले.

गुरुवारी दुपारी माझ्याकडे एक जुनी गिऱ्हाईक आली होती. तिला केसांना राखाडी शेड हवी होती, नातसून परदेशातून यायची होती म्हणून. मी विचारलं, आधी काही लावलंय? नाही म्हणाली. खोटं बोलली. बाजारातली काळी मेंदी ती वर्षभर गुपचूप लावत होती. असल्या मेंदीत काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, पण तिच्यावर आमचं केमिकल बसलं की कधीकधी केस हिरवे होतात. झाले. बाईने आरसा बघितला आणि रडायला लागली. मी शटर अर्धं ओढलं, खांद्याच्या खालचे सगळे हिरवे केस कापले, उरलेले काळे केले, आणि कोणाला कळणार नाही असा शब्द दिला. पार्लरच्या खुर्चीत जे दिसतं ते बाहेर बोलायचं नाही, हा माझा धंद्यातला एकच नियम.

शुक्रवारी सकाळी सपना, माझी मदतनीस, केर काढत होती तेव्हा विमलाताई आल्या, दर आठवड्याला येतात तशा. गच्चीवरच्या कुंड्यांना खत म्हणून कापलेले केस नेतात. मला कौतुक वाटायचं. मी स्वतः सपनाला सांगितलं होतं, ताईंची पिशवी भरून ठेवत जा. त्याच विमलाताई आज पिवळी साडी नेसून गुरुजींच्या उजव्या हाताला बसल्या होत्या, पितळेची थाळी धरून.

म्हणजे माझ्या लादीवरचा केर. झाडूने गोळा केलेला, चपलांखालून गेलेला, त्यात कापलेली नखं, पायाच्या टाचेची खरवडलेली साल, वॅक्सचे तुकडे. तो या पोरीच्या तोंडात. आणि पिशवी माझ्याच सांगण्यावरून भरलेली.

मी पुढे गेले. बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांना धक्के देत सरळ पुढे गेले आणि थाळीतला पुंजका उचलला.

“ए बाई, हात लावू नको!” गुरुजी ओरडले. “अंगावर येईल!”

“येऊ दे. रोज येतात, गिऱ्हाईकं आहेत माझी.”

मी पुंजका दोन्ही हातांनी फाडून उघडला. वरून लाळेने ओला, आत कोरडा ठणठणीत. “सुनंदाताई, हात लावून बघा. पोटातून आलेली वस्तू आतून कोरडी असते का? आणि हे बघा.” मधोमध वॅक्सचा सुकलेला गोळा होता, आणि त्याला चिकटलेलं मरून नेलपेंटचं एक कापलेलं नख. पहिल्या रांगेतल्या बाईने तोंडावर पदर घेतला.

“लता, काय चाललंय तुझं?” सुनंदाताई म्हणाली. “बैठक मोडू नकोस ना. आधीच खूप भोगलंय आम्ही.”

“उपटलेल्या केसाला एका टोकाला मूळ असतं, बारीक पांढरा ठिपका. मोबाइलचा टॉर्च लावा कोणीतरी. यातल्या एका तरी केसाला मूळ दाखवा. सगळे कात्रीने कापलेत. गंधालीचे केस कुरळे, हे सरळ. हे माझ्या पार्लरमधले केस आहेत. गुरुवारी मी कापले, शुक्रवारी या विमलाताई पिशवीतून घेऊन गेल्या.”

गुरुजी मात्र गप्प होणाऱ्यातले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाले, “माऊली खोटं बोलत नाही. हडळ अशीच असते. जिथे केस दिसतील तिथून ओढून आणते. पार्लरमधूनही आणेल. तिला भिंतीची अडचण नाही.”

आणि लोकांनी माना डोलावल्या! फिजिक्सचे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “शक्य आहे.”

“हडळीला भिंतीची अडचण नाही, मग प्लास्टिकची पिशवी कशाला लागते तिला?” मी विचारलं. “आणि दर शुक्रवारी, सपनाच्या हातून? विमलाताई, बोला ना. तुम्हीच ती हडळ काय?”

मागून कोणीतरी खुदकन हसलं. विमलाताईंनी थाळी खाली ठेवली. “मी झाडांना घालते,” त्या पुटपुटल्या.

“कोणाचे केस, त्या बाईचं नाव सांग!” गुरुजींचा आवाज आता मधातून बाहेर आला होता. “हिरवे केस कोणत्या बाईचे असतात? नाव सांग, नाहीतर खोटारडी आहेस तू. पार्लरवाली!”

“नाव सांग,” लोकही म्हणायला लागले. “सांग ना नाव.”

ती बाई माझ्यापासून चार हातांवर बसली होती. शकुताई, बी विंगच्या, सोसायटीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. गुरुजींना या सोसायटीत त्यांनीच आणलेलं. मी पुढे येतानाच बघितलं होतं, त्यांचा हात मानेवर गेला होता, केस जिथे कमी झाले होते तिथे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. शब्द दिला होता.

“नाव नाही सांगणार,” मी म्हणाले. “त्याची गरजच नाही. गुरुजी, पोरीने सगळ्यांसमोर चूळ भरावी, तोंड उघडून दाखवावं. तुम्ही बाह्या वर करा, तो रुमाल बाजूला ठेवा, आणि आणखी एक पुंजका काढा. फक्त एक. मी पाया पडून निघून जाते.”

“शक्ती एका दिवसात तीनदाच उतरते.”

“मग निदान रुमाल द्या.”

लाळ पुसायच्या निमित्ताने तो भगवा रुमाल सारखा पोरीच्या हनुवटीखाली होता. त्यांनी तो मागे घेतला. पण माझा दिवस गिऱ्हाईकांच्या गळ्यातले टॉवेल ओढण्यात जातो. मी ओढला. रुमाल दुहेरी शिवलेला होता, कडेला बोट जाईल एवढी फट. मी तो थाळीवर झटकला तसे आणखी दोन पुंजके पडले, सुपारीएवढे दाबून दोऱ्याने बांधलेले. बोट तोंडात घालायचं, फटीतला पुंजका सोबत न्यायचा, दोरा तोडायचा, पोरगी गुदमरली की ओढत ओढत बाहेर काढायचा. एवढीच ती शक्ती. सव्वाशे माणसांसमोर लपवायला एक वीतभर कापड पुरलं होतं.

तरीही हॉलमध्ये कुजबुज चालूच होती. बाई दुसऱ्या कोणी पाठवलेली असेल, स्वतःच टाकले असतील, वगैरे. तेवढ्यात शकुताई उठल्या.

“माझे आहेत ते केस,” त्या म्हणाल्या. “मी काळी मेंदी लावत होते आणि लताशी खोटं बोलले. हिरवे झाले. मरणाची लाज वाटली म्हणून कोणाला बोलले नाही. आताही बसूनच राहणार होते.” त्यांनी गंधालीकडे बघितलं. “माझ्या डोक्यावरचे केस तुझ्या तोंडात... शी. शी! माफ कर गं बाळा.”

गुरुजी तोपर्यंत उठले होते. जागा अपवित्र झाली, नास्तिकांच्या घरात शाप राहतो, असं काहीतरी बडबडत ते दाराकडे निघाले, आणि जाता जाता विमलाताईंनी सवयीने ती निळी बॅग उचलली.

“बॅग ठेवा,” गंधाली म्हणाली.

त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. आवाज इतका घोगरा होता की मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

“आई, मी नाही जाणार. केस मीच उपटते. कोणी उपटायला नाही लावत. गणित सोडवत असले ना, की हात जातो. कधी जातो कळतच नाही. वहीवर केस दिसले की कळतं. मग मी ते टॉयलेटमध्ये टाकते. मला थांबायचंय गं, पण थांबता येत नाही.”

“आणि हे तोंडातलं?” सुनंदाताईने विचारलं.

“त्यांची बोटं आधी आत आली. मग केस आले. फिनेलचा वास येत होता त्यांना.”

“मग बोलली का नाहीस? थुंकायचं नाही का?”

“गुरुजी म्हणाले होते, थुंकलीस तर हडळ आईच्या अंगात जाईल.”

सुनंदाताई दाराशी गेली, विमलाताईंच्या हातातून बॅग हिसकावली, परत आली आणि लेकीच्या ओठांवरचे केस स्वतःच्या ओढणीने पुसायला लागली.

लोक पांगले. काही जण मान खाली घालून गेले. काही जणांनी जाताना टेबलावरच्या प्रसादाच्या पुड्या उचलून खिशात घातल्या. मी डोळ्यांनी बघितलं. एक काका तर मला म्हणाले, “तुमचं बरोबर असेल मॅडम, पण श्रद्धेला असं जाहीर बोलू नये.” मी त्यांचा हात धरला आणि वर केला. पाचही नखं मुळापर्यंत कुरतडलेली, अंगठ्यापाशी रक्त सुकलेलं. “काका, तुमच्या पोटात कोणती हडळ आहे?” मी विचारलं. त्यांनी हात खिशात घातला. मग मी माझाही अंगठा दाखवला. टेन्शन आलं की मी त्याची कड सोलत बसते, वीस वर्षांची सवय आहे. आपण सगळे थोडं थोडं हेच करतो. कोणाचं नखावर भागतं, कोणाचं केसांपर्यंत जातं. जिचं जास्त जातं तिला आपण पाटावर बसवतो आणि बघायला गर्दी करतो.

पोलिसांत तक्रार केली. जादूटोण्याच्या विरोधात आपल्या राज्यात कायदा आहे, तो याच कामासाठी आहे. सव्वाशे साक्षीदारांपैकी जबाब द्यायला चौघी आल्या, शकुताई त्यात पहिल्या. फिजिक्सच्या गृहस्थांनी शूटिंग डिलीट झालं म्हणून सांगितलं.

गंधाली परत इरावतीबाईंकडे जाते. जादूने बरी झालेली नाही, जादू नावाची वस्तूच नाही. तिच्याकडे एक छोटी वही आहे, हात कधी गेला, तेव्हा काय चाललं होतं, ते त्यात लिहिते. गणिताला बसताना डोक्याला रुमाल बांधते, अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चिकटपट्टी लावते. हात वर जायला लागला की मूठ आवळून साठ आकडे मोजते. आई आता ‘हात खाली’ म्हणून खेकसत नाही. लेपाने टाळूवर उठलेले फोड सुकायलाच तीन आठवडे लागले, त्यानंतर लव आली. सहामाहीच्या आधी पुन्हा उपटले तिने, दोन दिवसांत बरेच. त्या संध्याकाळी रडत पार्लरमध्ये आली. मी इरावतीबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, होतं असं, वहीत लिही आणि सोमवारी ये. सोमवारी ती गेली.

परवा सुनंदाताई माझ्याकडे आली होती. केस कापून झाल्यावरही खुर्चीतून उठेना. म्हणाली, “लता, मी काल तिला विचारलं, हे कधीपासून होतं गं तुला, आणि तेव्हा आत कसं वाटतं? तासभर बोलत होती ती. तासभर! दीड वर्षात मी डॉक्टरला विचारलं, जावेला विचारलं, त्या हलकटाला विचारलं. हिलाच कधी विचारलं नाही.”

तुमच्या घरात कोणी केस उपटत असेल, कातडी खरवडत असेल, रक्त येईपर्यंत नखं खात असेल, तर त्याला बाबाकडे नेऊ नका. लाज वाटून लपवूही नका. डॉक्टरकडे न्या, आणि सुधारायला महिने लागले तरी जात राहा. आणि कोणी त्याच्या अंगातून काही काढून दाखवायला लागला तर टाळ्या वाजवण्याआधी उठून त्याचा रुमाल झटकून बघा. पण या सगळ्याच्या आधी, आज घरी गेल्यावर, त्या माणसाच्या शेजारी बसा आणि त्यालाच विचारा. तो सांगायला तयार असतो.